बुटकी फटफटी आणि हातखंब्याचे आप्पा

आमच्या कचेरीतले इंजिनियरसाहेब विलायतेला निघाले आणि त्यांची फटफटी मी घेतली. बस्स, एवढंच केलं मी! (कचेरीत आठ वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाने एकदा तरी काही करावं की नाही?)

गाडी अस्सल अमेरिकन. लांबलचक आणि बुटकी. बैठक इतकी खाली, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात. (माझी उंची विचारू नये.) सरळ रस्त्यावर अशी चालते, की खुशाल पाटावर बसून जेवावं! फक्त वळायला तिला शेतभर जागा लागते आणि वळताना पाय ठेवायची फळी रस्त्याच्या जांभ्या दगडावर खर्रकन घासते.

सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर गुलाम रसूल याने मला तीन दिवसांत तयार केलं. "भाऊसाब, नजर जाते तिथं गाडी जाते. मागं बगलंत की गेलात दगडी गडग्यावर!"

हातखंब्याला माझे सासरे, आप्पा. हा माणूस आपल्या मालनला नीट सांभाळतो का, ही त्यांची शंका लग्नाला सहा वर्षं झाली तरी फिटलेली नव्हती. मी निरोप धाडला, 'रविवारी तुमची लेक फटफटीवरून सुखरूप दारात आणून उतरवतो!'

रविवारी मालन मागे एका अंगाला बसली. मांडीवर टोपली, टोपलीत मिरकरवाड्याची ताजी सुरमई.

"मला घट्ट धर," मी म्हणालो.

"इश्श! भर रस्त्यात? मी टोपली धरते."

निघालो! कुवारबावचा चढ गाडीने हसतहसत खाल्ला. कानांत वारा, पुढे लाल रस्ता, दोन्ही बाजूंना तोंडं उघडी टाकून बघणारी माणसं! इतका आनंद मला वरातीतही झाला नव्हता. शेवटचं मोठं वळण मी हळूच घेतलं आणि मग सुसाट सोडली.

"मालन, पोटातलं पाणी हललं का?" उत्तर नाही. "पुढच्या वर्षी कोल्हापूर!" उत्तर नाही. "माझ्या आईला चार महिने आपल्याकडे आणू!" यालाही विरोध नाही! सहा वर्षांत पहिल्यांदाच बायकोला माझं सगळं पटत होतं. मी गाणं म्हणायला लागलो.

आप्पांच्या अंगणात सगळी वाडी जमली होती.

"गाडी झकास आहे," आप्पा म्हणाले. "मालन कुठाय?"

मी मागे बघितलं. बैठक रिकामी. सुरमईसुद्धा नाही.

 खरं सांगतो, रडूच येत होतं. तिला शोधायला गाडी फिरवू गेलो, तर ती तुळशीवृंदावन आणि गडगा यांच्यामध्ये आडवी अडकली. अर्धा तास वाडी ती ढकलत होती. तेवढ्यात धाकू गाडीवानाची बैलगाडी आली. आत टोपली, टोपलीमागे मालन.

"लागलं का गं?"

"लागतंय कसलं! वळणावर तुम्ही हळू केलीत, माझे पाय टेकले. मी उभी राहिले आणि गाडी पुढे निघून गेली."

"हाक तरी मारायचीस!"

"मारली की! 'अहो, अहो!' हवालदार थांबला, दोन सायकलवाले थांबले. तुम्ही तेवढे थांबला नाहीत."

"मग नाव घेऊन मारायची!"

"नवऱ्याचं नाव? रस्त्यात? उखाण्याशिवाय?"

आप्पांनी निकाल दिला, "परत जाताना पोर धाकूच्या गाडीत बसेल. जावईबापू, तुम्ही मागून या. डोळ्यांसमोर तरी राहील."

तेव्हा संध्याकाळी पुढे बैल आणि मागे माझी अमेरिकन फटफटी, अशी वरात निघाली. दर फर्लांगाला धाकू विचारी, "बाय, भाऊ हायत का बगा मागं." मालन वळून सांगे, "आहेत."

त्या मोठ्या वळणावर मी तिच्याकडेच बघत राहिलो. फळी घासली, गाडी फेंगडली आणि मी फटफटीसकट कुणाच्या तरी भातशेतात उताणा! इंजिन बंद पडल्यामुळे रस्त्यावरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"मालन!" मी जीव तोडून ओरडलो.

"बाय," धाकूने विचारलं, "भाऊ हायत ना मागं?"

मान न वळवता ती म्हणाली, "आहेत, आहेत. तू चल पुढे."