सरांच्या दारातली नदी

कर्वेनगरातल्या त्या शाळेत कादंबरी बाईंना नववीचा भूगोल मैदानात शिकवायचा होता आणि मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांना तो पुस्तकातच बंद ठेवायचा होता. फैसला आज होणार होता! संस्थेच्या अभ्यासक्रम समितीच्या आम्रपाली मॅडम पाठ बघायला आल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं, की मैदान बंद आणि पुन्हा 'उत्तरं उतरवून घ्या' सुरू.

नववीने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून अख्ख्या आवाराचा उतार मोजला होता. त्यावरून वर्गातल्या स्वरालीने नकाशा काढला होता. पाणी टाकीच्या नळापासून निघणार, सरांच्या दारावरून वळणार आणि सायकल स्टँडमागे साचणार.

"माझ्या दारावरून?" सर हसले. "अगं, मैदान सपाट आहे. मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. बादलीभर पाणी ओता आणि मोकळे व्हा."

तोवर चहा म्हणून त्यांनी मॅडमना आत नेलं. केबिनमध्ये नवा गालिचा, त्यामुळे पादत्राणं बाहेर.

स्वरालीने टाकीचा मोठा नळ सोडला. बादली भरली. बंद करायला गेली, तर नळाची चावीच तुटून हातात आली!

"बाई, हा बंद होत नाहीये!"

"मुख्य व्हॉल्व्ह बंद कर!"

"त्याला कुलूप आहे. किल्ली सरांकडे!"

पाणी मात्र नकाशावरच्या निळ्या रेघेवरून शहाण्यासारखं निघालं. "वळलं! डावीकडेच वळलं!" वर्ग नाचायला लागला. आधी रडवेली झालेली स्वराली आता नकाशा फडकवत पाण्याच्या पुढे धावत होती. तिने केबिनचं दार वाजवलं.

"सर, किल्ली!"

"चहा चाललाय. बाहेर थांब." मग मॅडमकडे वळून, "शिस्तीच्या बाबतीत मी—"

इतक्यात पाणीच दाराखालून, परवानगी न विचारता, आत आलं.

किल्ली मिळाली, पाणी थांबलं. पण दारात सरांच्या फोमच्या सँडल नव्हत्या. मॅडमच्या स्लिपरही नव्हत्या.

"कोणी नेल्या?" सर गरजले.

"कोणी नाही, सर. आपल्या आपण गेल्या," नकाशावर बोट ठेवत स्वराली म्हणाली. "सायकल स्टँडमागे असतील."

वरात अनवाणी निघाली. चारही नग तिथे डबक्यात शेजारीशेजारी डुलत होते!

मॅडमनी ओल्या स्लिपर पायात सरकवल्या. "कादंबरी बाई, पुढच्या वर्षीपासून संस्थेच्या सगळ्या शाळांत भूगोल असाच. अभ्यासक्रम तुम्ही लिहायचा. आणि ह्या मुलीला मदतीला घ्या."

टाळ्यांच्या कडकडाटात सर कसेबसे म्हणाले, "पण मॅडम, माझा गालिचा भिजला त्याचं काय?"

"भिजला?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कसा भिजेल? मैदान सपाट आहे ना!"