टाकी धुणारा रस्ता

मार्च एकोणीसशे ऐंशी. जागा ग्रामपंचायतीचा ओटा. हजर सरपंच, मी आणि गिरणीवाले बाबालाल मुलाणी. रक्कम तीस रुपये. माझे, त्यांनी उसने घेतलेले.

मुळशी-पौड रस्त्यावरचे खड्डे बुजवावेत म्हणून सरपंच अर्जावर सह्या घेत होते. बाबालालभाईंनी सही तर केली नाहीच, उलट खिशातून स्वतःचा अर्ज काढला: टाकी धुऊन होईपर्यंत एकाही खड्ड्याला हात लावू नये. बांधकाम खात्यानं आमच्या गावाची इतक्या तत्परतेनं मान्य केलेली दुसरी मागणी मला आठवत नाही.

टाकीचं असं झालं. डिझेलची टंचाई होती आणि गिरणीचं इंजिन आठ-आठ दिवस गप्प बसे. म्हणून बाबालालभाईंनी ते निम्म्या डिझेलवर आणि निम्म्या करंजाच्या तेलावर चालवायचं ठरवलं. "डोंगरभर करंज हाय. बिया येचायच्या, घाण्याला घालायच्या. हिशेब साधा हाय, भाऊसाहेब."

त्यांचा साधा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या खिशातून सुरू होई. तेल साठवायला त्यांनी पौडच्या भंगारातून मोडक्या ट्रकची टाकी आणली, ती माझ्या तीस रुपयांत.

टाकीत बोटभर गाळ आणि गंज. आठवडाभर ती तोंड उघडं ठेवून उन्हात पडली होती. तिच्या आसपास बिडीला बंदी. सरपंच बिडी ओढत डोकावायला आले, तर बाबालालभाईंनी ती त्यांच्या ओठांतून काढून पाण्याच्या डबड्यात बुडवली.

"अरे बाबालाल, टाकी रिकामी आहे!"

"म्हणून तर! त्येल ऱ्हातंय गप. वास पेटतोय."

मग टाकीत गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि बारीक खडी घातली, बूच घट्ट केलं आणि टाकी बैलगाडीत आवळून बांधली. "हातानं कोपरं निघत न्हाईत," ते म्हणाले. "सरकारनं हितनं पौडापातुर फुकट मशीन घातलंय की."

तीस रुपयांवर नजर ठेवायला मीही गाडीत बसलो. खडीचा असा खणखणाट, की खाचरांतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. "कुणाची वरात, बाबालालभाई?" एका म्हातारीनं विचारलं.

"टाकीची! नवरा गिरणीत हाय!"

मोठा खड्डा आला की त्यांचा चेहरा उजळे. "वा! ह्यो बेस हाय. गाडी मागं घे रं, परत जाऊ." माझी कंबर त्या दिवसापासून पावसाचा अंदाज सांगते.

परत आल्यावर काळं पाणी ओतलं. तीनदा विसळून टाकी वाळवली, आतून करंजाचं तेल फिरवलं, म्हणजे पुन्हा गंज चढायला नको. शेवटी बाबालालभाईंनी तोंडाशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला आणि टाकी पास केली.

इंजिन चाललं. धूर कडवट होता. भाकरीला करंजाचा वास येतो, अशी बायकांची तक्रार होती. पण दळण थांबलं नाही.

मे महिन्यात मी पैसे मागायला गेलो. दुपारची वेळ, गिरणीत गिऱ्हाईक नाही, इंजिन मात्र जोरात. पाहतो तर पट्टा काढून खुंटीला टांगलेला. जातं बंद, नुसतं इंजिन चालू.

"बाबालालभाई, तेल जाळताय की काय?"

त्यांनी दहाच्या तीन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. मग वरच्या आळीकडं बघितलं. त्यांचं घर तिथं. भाभी वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, दिसणंही गेलेलं.

"आवाज जातोय तितपातुर," ते म्हणाले. "इंजिन चालू हाय तवर तिला ठावं असतंय, मी हितं हाय. डिझेल नव्हतं तवा दिसभर हाका मारायची. शेजारीण सांगायची, अगं हाय त्यो गिरणीत. हिला पटायचंच न्हाई."

मी मनात तासाला किती तेल, दिवसाला किती, असा आकडा मांडायला लागलो होतो. तो अर्ध्यावर सोडला.

"पावसाळाभर पुरेल एवढं तेल आहे का?"

"न्हाई. बिया आत्ताच घ्याया पायजेत."

डोंगरातून बिया आणणारी ठमाबाई बाहेर सावलीत पोतं टेकवून बसली होती. पोतं मी स्वतः काट्यावर घातलं. वजन बरोबर भरलं. तीस रुपये तिला दिले.