मोठ्या ग्लासाचं चिपाड

रामदास गजभिये यांनी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं कुणाचं काही फुकट घेतलं नव्हतं. त्यामुळे बिबवेवाडीतल्या रसवंतीतून उसाचं चिपाडसुद्धा त्यांना फुकट आणवेना. आधी रस प्यायचा, मग त्याच रसाचं चिपाड पिशवीत भरायचं, असा त्यांनी नियम केला. आपल्याला मधुमेह आहे, ही बाब नियम करताना त्यांनी विचारात घेतली नाही.

चिपाड हवं होतं त्यांच्या लेकीला, अपेक्षाला. ती प्रयोगशाळेत तीन वर्षं एकाच ध्यासामागे होती: लोक जे चुलीत घालतात, त्या चिपाडापासून आइस्क्रीममधला महागडा व्हॅनिलाचा अर्क बनवणारी नवी अभिक्रिया शोधायची. बाबांच्या पहिल्याच पिशवीने ती साधली आणि बाबांना आकाश ठेंगणं झालं.

पण पुढच्याच आठवड्यात त्यांची शुगर वाढल्याचा रिपोर्ट आला. अपेक्षाने फैलावर घेतलं, तेव्हा आपण गोडाला शिवतही नाही, असं त्यांनी तोंड वर करून सांगितलं आणि त्या दिवसापासून रस खरोखरच सोडला. आता ते रसवंतीवाल्या संभाजीकडून कोरं चिपाड घेत, बदल्यात त्याचे अर्ज लिहून देत. चिपाड तीनदा धुऊन गच्चीत वाळवत. एवढं करून त्यावरचे सहाच्या सहा प्रयोग फसले. गुरुवारी प्रकल्प तपासायला समिती येणार होती आणि तिच्यासमोर प्रयोग साधला नाही, तर प्रकल्प बंद होणार होता.

मंगळवारी अपेक्षा भात नुसता चिवडत बसली. "बाबा, पहिल्या पिशवीत काहीतरी वेगळं होतं. आठवतंय का काही?"

"छे, काही नाही," बाबा म्हणाले आणि त्यांना ठसका लागला. आठवत सगळं होतं, पण सांगावं तर आपलीच चोरी उघडी पडणार. मग लेकीचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना.

"ते माझ्या ग्लासाचं चिपाड होतं."

"कसला ग्लास?"

"रसाचा. मोठा."

"त्यात काय काय होतं?"

"आलं. आणि अख्खं लिंबू, सालासकट. संभाजी उसाबरोबरच चरकात घालतो. मी त्याला जास्त घाल म्हणायचो."

आता आपली धडगत नाही, म्हणून बाबा ताटात बघत राहिले. अपेक्षा मात्र खरकट्या हातानेच उठली आणि तिने प्रयोगशाळेतल्या शौनकला फोन लावला. बुधवारी दोघांनी सगळं करून पाहिलं. आलं वगळलं तरी प्रयोग साधत होता, लिंबू वगळलं की फसत होता. गुरुवारी समितीने काचेच्या भांड्याला नाक लावलं, माना डोलावल्या आणि प्रकल्पाला दोन वर्षं वाढवून दिली.

संध्याकाळी अपेक्षाने बाबांच्या हातात रिकामी पिशवी ठेवली. आता रोज लिंबू घातलेल्या रसाचंच चिपाड लागणार होतं, आणि ते बाबांनीच आणायचं होतं.

"म्हणजे रोज मोठा ग्लास घ्यावा लागणार," बाबा शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले.

"घ्यायचा. शौनक येतोय तुमच्याबरोबर."

रसवंतीच्या बाकावर बसून शौनकने मोठा ग्लास एका दमात संपवला आणि दुसरा मागवला.

"काका, तुम्हाला?" संभाजीने विचारलं.

बाबांनी पिशवी पुढे केली.