फक्त वाचायची यादी

"या कॉम्प्युटरमधला एक आकडा जरी कुणी बदलून दाखवला, तर मिशी उतरवीन!" शहाण्णव सालच्या हंगामात अंथुर्ण्याच्या गट ऑफिसात बसून मी छाती ठोकून सांगायचो.

खरंच होतं ते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या नंबरांची मूळ यादी साखर कारखान्यावर असायची. आमच्याकडं दर सोमवारी तिची नक्कल फ्लॉपीवर यायची, ती फक्त वाचायची. शेतकऱ्यानं नाव सांगायचं, मी नंबर सांगायचा.

एका बुधवारी रांग दारापर्यंत गेलेली असताना मशीननं पडद्यावर कळवलं, डिस्क भरली! मी शहाण्यासारखं ते मोठ्यानं वाचलं.

रांगेत पहिले होते आबाजी. "भरली? हितं कुणी लिवतच न्हाय म्हनतोस ना?"

"नाहीच लिहीत, आबा!"

"मग भरली कशी? रांजणात कुणी पानी वततच न्हाय, आन् रांजण भरतोय व्हय रं?"

"नंबर फिरवलं!" मागून कुणीतरी ओरडलं. झालं! ज्याचा नंबर मागं, त्याला तो काल पुढं असल्याचं आठवायला लागलं. कुशाबाईंनी तर अजून लावायच्या उसाचा नंबर गेल्याची तक्रार केली!

फोन गेला. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे आप्पासाहेब मूळ यादी घेऊनच जीपमधून उतरले. "एक जरी नंबर हलला असंल, तर उद्यापासून घरी बसायचं!" त्यांनी मला दम भरला.

सगळ्यांसमोर नाव न् नाव ताडलं. एकही नंबर हलला नव्हता! मी कॉलर ताठ केली.

"मग भरली कशानं?" म्हणत आप्पासाहेबांनी बटणं दाबली आणि हसतच सुटले. मशीननं यादीला हात लावला नव्हता. पण कुणाचा नंबर कितीदा बघितला, याची ते गुपचूप स्वतःपुरती नोंद ठेवत होतं. त्या नोंदींनीच डिस्क भरली होती.

"सगळ्यात जास्त कुनाचा बघितला?" आबाजींनी विचारलं.

"तात्याबा, मुक्काम निरवांगी. चारशे सत्तेचाळीस वेळा! कोण हे?"

माझे सासरे! आणि ते नेमके दारातच उभे! दर रविवारी त्यांच्याकडं कोंबड्यावर ताव मारताना मी म्हणायचो, "मामा, तुमचा नंबर वर घेतलाच समजा!" माझ्या हातात काय होतं? आपोआप सरकलाय का, तेवढं उघडून बघायचो.

तात्याबांनी फेटा सावरला. "जावईबापू, चारशे सत्तेचाळीस येळा! आन् एकदा बी हलला न्हाय?"

"सोडा ह्याला," आबाजी गर्दीला म्हणाले, "सासऱ्याचा हलंना, तर आपला काय हलवतोय!"

नोकरी वाचली. रविवारी मात्र तेव्हापासून पिठलंच असतं!