प्रयोगशाळेतली आई

"आई गेली!" बीटवाली प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

आई म्हणजे पहिला फ्लास्क. चार वर्षांपूर्वी त्यात बीटाची बारीक, केसाळ मुळं वाढायला लागली. पुढचे सगळे फ्लास्क तिच्याच तुकड्यांपासून, म्हणून त्या लेकी; आणि त्यांना वाढवणारी संशोधक ही बीटवाली. आज आईसकट सगळ्या लेकींवर बुरशी चढली होती, आणि उद्या आइस्क्रीम कंपनीची माणसं या मुळांतला नैसर्गिक लाल रंग बघायला येणार होती. मुळं दिसली नाहीत तर प्रकल्प बंद आणि बीटवाली घरी.

दारावरून जाणाऱ्या हेडक्लार्कना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"कधी गेल्या?" त्यांनी आवाज खाली आणला.

"आज सकाळी बघते तर संपलेली. काल ठणठणीत होती हो."

"कशानं?"

"बुरशी."

"अरेरे. फुफ्फुसात?"

"सगळीकडे! आता तासभर वाफेवर उकडायची आणि मोरीत ओतायची."

हेडक्लार्कनी भिंत धरली. "घरच्यांना विचारलंत?"

"साहेबांना विचारलं. म्हणाले, वास सुटायच्या आत उरका."

अर्ध्या तासात फलकावर सूचना लागली, दोन मिनिटं शांतता पाळली गेली आणि कंपनीची भेट पुढे ढकलली. मग हेडक्लार्कनी सांत्वनासाठी बीटवालीच्या घरी फोन केला.

"बाईंच्या आई गेल्या. फार वाईट झालं. त्यात मोरीत ओतणार म्हणे."

"अगंबाई!" पलीकडून आवाज आला. "मला कुणी सांगितलंच नाही!"

तासाभरात आई पिशवी घेऊन हजर. हेडक्लार्क दिसेल त्या खुर्चीत बसले.

"मला मोरीत ओतणार म्हणे?"

"अगं, ती दुसरी आई!"

"दुसरी? तुझे बाबा कधी बोलले नाहीत ते!"

बीटवालीने सगळं समजावलं. आईने पिशवीतून एक फ्लास्क काढला. आत लालभडक मुळांचं जंगल.

"मागच्या महिन्यात तुमचं हलवायचं मशीन बिघडलं, तेव्हा तू ही घरी ठेवलीस. सारखी हलवायची म्हणालीस आणि विसरलीस. मी रोज तुझ्या मावशीशी फोनवर बोलता बोलता हलवते. आत्ताही रिक्षात हलवतच आले."

"रोज? पण ही तर चोवीस तास हलवावी लागते!"

"मग? मावशी तेवढं बोलते." आईने फ्लास्क तिच्या हातात दिला. "मी खरंच गेल्यावर कोण हलवणार, ते मात्र आत्ताच ठरवून ठेव."

बीटवालीने फ्लास्कवरची 'लेक' ही चिठ्ठी खरवडून काढली आणि 'आई' लिहिलं.

हेडक्लार्कनी कंपनीला फोन लावला. "उद्याच या. आई आहेत."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो हो," ते म्हणाले, "दोन्ही."