हिरव्या बटणावर नागप्पांचं बोट

नागप्पांचा चहा संपला, चिवड्याची बशी रिकामी झाली, तरी ते उठायचं नाव घेईनात, तेव्हा संगमेश्वरनं उगाच रिकामी बशी पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता. सुकन्यानं होकारही कळवला होता. घोडं अडलं होतं ते तिच्या वडलांपाशी. दिवसभर घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारा जावई नागप्पांच्या मनाला काही केल्या पटत नव्हता. घर दोनच गल्ल्या पलीकडं, त्यामुळं आज सकाळी ते न कळवताच येऊन बसले होते.

"मंग," मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "तुमी नेमकं काय करून राहिलात? कवा बी बघावं तर घरीच दिसता, म्हणून इचारलं."

संगमेश्वरनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. "काका, आपल्या लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. कोणत्या वेळी येईल, काही नेम नाही. म्हणून मी कॉलनीसाठी हे पान बनवलं. पाणी सोडणाऱ्या मकबूलभाईंनी वॉल उघडला की ते मला फोन करतात. मी हे दाबतो आणि सगळ्यांच्या मोबाइलवर घंटी वाजते."

"ते तर व्हॉट्सअ‍ॅपवर बी व्हतंय की."

"तिथं शुभ सकाळच्या फुलांखाली निरोप दबून जातो, काका. हे वेबसॉकेट आहे. एरवी मोबाइल सर्व्हरला सारखा विचारत बसतो, काही आलं का, काही आलं का. इथं दोघांमधली वाट उघडीच राहते. सर्व्हरनं इकडून ढकललं की त्याच क्षणी तिकडं पोचलं."

"म्हंजे तोटी उघडीच ठेवायची. आलं की पडलं."

"अगदी बरोबर!" संगमेश्वर हरखून गेला. नागप्पांना समजलं म्हणजे अर्धं लग्न जमलं! "आई, काकांना अजून एक कप टाक," असं म्हणायला तो स्वयंपाकघराकडं वळला.

"अन् हे हिरवं काय हाय?" मागून आवाज आला.

तो गर्रकन फिरला. तोवर नागप्पांचं बोट बटणावर टेकलेलं होतं.

टिंग टिंग टिंग! आधी नागप्पांच्याच खिशात वाजलं. त्यांनी मोबाइल काढून, हात लांब धरून मोठ्यानं वाचलं, "पाणी आलं! अगा, खरंच आलं की!"

"नाही आलं हो, काका!"

पण बाहेर गल्लीभर घंट्या वाजत होत्या. पाठोपाठ ऐकू आला तो पिंप गडगडल्याचा आवाज, आणि संगमेश्वर खिडकीकडं धावला. कॉलनीची रीतच होती ती. नवं पाणी यायचं म्हटलं की जुनं शिळं. ते अंगणात ओतायचं, पिंपं उपडी करायची, हौदात उतरून कुंच्यानं शेवाळ घासायचं आणि मगच ताजं भरायचं. त्यात कुणी कुणाच्या मागं राहत नसे.

घाबरून त्यानं सर्व्हरच बंद केला. झालं भलतंच. सगळ्यांच्या मोबाइलवर 'पाणी आलं' ही मोठी हिरवी अक्षरं आहेत तिथंच चिकटून राहिली. त्यानं सर्व्हर पुन्हा चालू केला. आता सगळे मोबाइल पुन्हा जोडले गेले, आणि नेट गेलेल्या माणसाला शेवटचा निरोप परत मिळावा, अशी सोय त्यानं स्वतःच मोठ्या हौसेनं करून ठेवली होती. टिंग टिंग टिंग! पाणी आलं!

"दुसऱ्यांदा वाजलं गं!" शेजारची पुनम गच्चीवरून ओरडली. "लई जोरात येऊन राहिलंय म्हणं! वरची टाकी बी सांडा!"

मग त्यानं घाईनं लिहिलं, 'पाणी आलेलं नाही. निरोप चुकून गेला. माफ करा.' आणि पाठवून दिलं. घंटी तीच, तिसऱ्यांदा वाजली. मोबाइल खिडकीत आणि माणसं हौदात, वाचणार कोण? उलट उरल्यासुरल्या लोकांनीही रांजण पालथे केले.

तेवढ्यात मकबूलभाईंचा फोन आला. "संगू बेटा, म्या वॉलला हात बी लावला न्हाई! मेन लाइन फुटली, परवाच्याला सुटंल पाणी. अन् लोकं मलाच फोन करून राहिलेत, पाणी का चढंना म्हणून!"

परवा! नागप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पडला. "आमच्या हिनं हौद धुतला असंल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

उत्तर दारातच आलं. लुगडं खोचलेलं, हातात ओला कुंचा, आणि मागं अर्धी कॉलनी. सगळ्यांच्या पुढं नागप्पांच्या पत्नी महानंदाबाई.

"कोणी दाबलं ते बटण?" त्या कडाडल्या. "घरात घोटभर पाणी न्हाई! कोणी दाबलं?"

नागप्पा छताच्या पंख्याकडं बघू लागले. संगमेश्वरचा जीव कात्रीत सापडला. खरं सांगितलं तर सासरा चारचौघांत उघडा पडणार आणि सोयरीक जागच्या जागी मोडणार. न सांगावं, तर असल्या धांदरटाला आपली पोरगी कोण देणार?

"मीच दाबलं. चूक झाली माझी."

मग जी काही बोलणी बसली, ती त्यानं खाली मान घालून ऐकून घेतली. शेवटी त्याची आई सिद्धम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. "बास करा आता. आमचा हौद काठोकाठ हाय. घागरी घेऊन या."

"तुमचा कसा काय भरलेला?" महानंदाबाईंनी डोळे बारीक केले. "तुमाला मेसेज न्हाई आला?"

"आला की, तीनदा आला. पण पोरगं माझं हाय ना. नळाला कान लावल्याबिगर म्या तांब्या बी सांडत न्हाई."

गर्दीत हशा पिकला. संगमेश्वरला मात्र रडावं की हसावं कळेना. दुपारपर्यंत दारात रांग होती. सगळ्यांत शेवटी, दोन्ही हातांत रिकाम्या घागरी घेऊन, नागप्पा उभे होते. त्यांनी आसपास कुणी नाही हे बघितलं.

"सोमवारी सुपारी फोडून टाकू," ते म्हणाले.

"अं? काका, पण तुमचं तर अजून..."

"घर चांगलं हाय. सासू शहाणी हाय." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अन् पोरगं तोंडाचं पक्कं हाय. तसंच ऱ्हाऊ द्या."

संगमेश्वरनं दोन्ही घागरी स्वतः भरून नागप्पांच्या घरापर्यंत पोचवल्या.

संध्याकाळी सुकन्याचा मेसेज आला. 'बाबा घरी येऊन म्हणाले, पोरगं सोन्यासारखं हाय. बाबांनी आजवर कुणालाच असं म्हटलं नाही. आई अजून हौदावर बसून चिडचिड करतेय. खरं सांग, बटण कुणी दाबलं?'

त्यानं आधी दार लोटून घेतलं. मग लिहिलं, 'तुझ्या बाबांनी. पण आईंना सांगू नकोस.'

आणि हा निरोप एकट्या सुकन्यालाच जातोय ना, हे पुन्हा पुन्हा तपासून, देवाचं नाव घेऊन, त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. मग जीव मुठीत धरून, गल्लीभर पुन्हा घंट्या तर वाजत नाहीत ना, ते तो कान देऊन ऐकत राहिला.