मोठ्या बाईंचं गळ्यातलं

भेटवस्तू निवडावी तर ती मीच! हे लोक म्हणतात असं नाही, मीच म्हणतो. पण अगदी ठामपणे म्हणतो. काचेच्या कपाटात टांगलेल्या शंभर सारख्या हारांतला एक उचलायचा आणि चकचकीत कागदात गुंडाळून द्यायचा, याला काय भेट म्हणायचं? भेट कशी हवी? हाताने घडवलेली, एकुलती एक, जगात जिला जोड नाही अशी!

बहिणीला मी अक्रोडाच्या कवचांची कानातली दिली होती. ती घालून ती बागेत फिरायला गेली आणि एक खार तिच्या खांद्यावर चढली, ती उतरेचना! आता कानातली अस्सल असल्याचा याहून मोठा पुरावा कुठला? मेव्हण्याला लाकडी टाय दिला. खरोखरीचा लाकडी. तो घातल्यावर त्याला मान खाली घालता येईना, म्हणून पुतण्याच्या लग्नात दिवसभर छताकडे बघत उभा होता. फोटो मात्र काय रुबाबदार आले! बायकोला दिलेल्या तांब्याच्या कंबरपट्ट्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तो सध्या गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला आवळलेला आहे. गळती थांबली.

तर असा हा मी, आणि आमच्या नकाशे विभागाच्या मोठ्या बाई निवृत्त व्हायला निघालेल्या.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. या अकरा वर्षांत त्यांनी घरचा एक शब्द ऑफिसात काढला नाही आणि ऑफिसात कुणाला घरचा शब्द काढू दिला नाही. त्यांना निरोप म्हणून काय द्यायचं, यावर जिन्याखाली आमची गुप्त बैठक बसली.

"भिंतीवरचं घड्याळ देऊ," माझ्या शेजारच्या टेबलावरचा लंबू म्हणाला.

"घड्याळ?" मी असा ओरडलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं. "अरे, काही रसिकता आहे की नाही? हाताने घडवलेला दागिना देऊ! त्यांच्या स्वभावाला शोभेल असा!"

"त्यांच्या स्वभावाला शोभेल असा दागिना?" लंबूने विचार केला. "बेडी?"

सगळे खो-खो हसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे मी ते पाडून घेतलं.

बाजारामागच्या गल्लीत, शिवणयंत्रांच्या दुकानाला लागून, एका कारागिराची अरुंद खोली आहे असं मी ऐकून होतो. आत गेलो. कपाळावर भिंग बांधलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ छोट्याशा ऐरणीवर चांदीची तार ठोकत बसले होते. भिंतीवर पन्नासेक चिमटे आणि कानशी ओळीने टांगलेल्या. वाटलं, हा खरा माणूस!

"एका बाईंसाठी गळ्यातलं हवंय," मी म्हणालो. "खास. एकमेव."

"कशा आहेत बाई?"

"मध्यम उंची, चष्मा..."

"तसं नाही हो. माणूस म्हणून कशा आहेत? माणूस कळल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही."

वाचकहो, अकरा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि धरण फुटावं तसा फुटलो!

"आमच्या साहेब आहेत त्या, नकाशे विभागाच्या. माणूस कसला, घुबड हो, घुबड! खांदे जागच्या जागी आणि मान तेवढी गर्रकन मागे! चष्म्यावरून असं बघतात, की हातातली पेन्सिल आपोआप सरळ रेघ मारते!"

कारागिराची हातोडी थांबली. "कुठल्या विभागाच्या म्हणालात?"

"नकाशे. का हो?"

"काही नाही. बोला तुम्ही." त्यांनी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

त्यांनी वही उघडल्यावर तर मला आणखीच चेव चढला. "रजेच्या बाबतीत म्हणाल तर गंजकं कुलूप! अर्ज आत जातो, बाहेर काही येत नाही. आणि आवाज? सुताराचा रंधा! बोलल्या की माणसाचा एकेक पापुद्रा निघतो!"

"सकाळी? की दिवसभर?"

"दिवसभर! मला तर त्यांच्या घरच्या बिचाऱ्या नवऱ्याची दया येते. त्याच्यासाठी माझ्यातर्फे एक शौर्यपदक करून ठेवा!"

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग वहीत काहीतरी लिहिलं. "पदकाचं नंतर बघू. काही चांगलं?"

मी विचारात पडलो. बराच वेळ पडलो. "त्यांच्या खिडकीत एक वेल आहे," शेवटी मी म्हणालो. "तिला रोज स्वतः पाणी घालतात. शिपायालासुद्धा हात लावू देत नाहीत. बस, एवढंच."

"एवढं पुरे आहे," ते म्हणाले.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी बंद डबी ताब्यात घेतली. दुकानात ते नव्हते. शेजारच्या शिवणयंत्रवाल्याकडे ती ठेवून गेले होते. वर लाल दोरा आणि लाखेचा शिक्का. उघडून बघायची माझी फार इच्छा होती, पण शिक्का मोडला तर शोभा जाईल, म्हणून मन आवरलं.

पावणेपाचला आमचा मोठा हॉल भरला. खुर्च्या लावल्या, टेबलावर चादर घातली, मधोमध डबी ठेवली. मी पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. दार उघडलं. मोठ्या बाई आत आल्या आणि त्यांच्या मागोमाग, स्वच्छ कोट घातलेले, एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले.

"ही सगळी माझी माणसं," बाई त्यांना म्हणाल्या आणि मग आमच्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा लाजून म्हणाल्या, "आणि हे आमचे हे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं! नुसतं पळालं नाही, जाताना जीभही घेऊन गेलं! कपाळावर भिंग नव्हतं, पण माणूस तोच! त्यांनी मला पाहिलं आणि अत्यंत सौजन्याने मान लववली.

आता माझ्या डोळ्यांसमोर ती डबी पारदर्शक झाली. आत चांदीचं घुबड. एका बाजूला गंजकं कुलूप, दुसऱ्या बाजूला रंधा. आणि हे सगळं बाई सगळ्यांदेखत गळ्यात घालणार! मी उठलो, टेबलावरचं पाणी प्यायच्या निमित्ताने वाकलो आणि डबी अलगद कोटाच्या खिशात सारली.

"अरे, डबी कुठं गेली?" लंबू हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला. "मघाशी इथंच होती!"

"मी जरा पुसायला घेतली," मी म्हणालो.

"खिशात घालून?"

लंबूने माझ्या खिशातून डबी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. "बाई, ही निवड याची बरं का! दोन शब्द यानेच बोलावेत!"

टाळ्या. मी उभा राहिलो. बाईंची नखं लाखेच्या शिक्क्याखाली शिरत होती. आता वेळ नव्हता. डबी उघडायच्या आत सगळ्याला चांगला अर्थ चिकटवणं भाग होतं!

"मित्रहो," मी घाईघाईने सुरुवात केली, "मी बाईंना घुबड म्हणालो, ते आदराने!"

टाळ्या थांबल्या.

"घुबड हा विद्वान पक्षी आहे! त्याला अंधारातलं दिसतं, बाईंना नकाशातलं दिसतं! आणि गंजकं कुलूप म्हणालो, त्यात गंजकं हा शब्द अनुभवासाठी वापरला! जुन्या कुलपावरच विश्वास असतो! रंध्याचं म्हणाल, तर रंधा नसेल तर लाकूड गुळगुळीत कसं होणार? आम्ही सगळे लाकडंच आहोत! आणि नवऱ्याला शौर्यपदक द्या असं जे म्हणालो..."

इथे मी थांबलो, कारण शिपायाच्या हातातला चहाचा ट्रे वाजायला लागला होता. लंबू खालून माझा कोट ओढत होता, तो किती वेळ ओढत होता देव जाणे.

बाईंनी डबी उघडली होती.

आत चांदीची एक नाजूक वेल होती. पातळ ठोकलेली, एकाआड एक वळलेली पानं. एका पानाची कड किंचित कुरतडलेली, खऱ्या पानाची असते तशी. घुबड नव्हतं. कुलूप नव्हतं. रंध्याचा मागमूस नव्हता.

"ही माझ्या खिडकीतली वेल," बाई अगदी हळू म्हणाल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी ती तिथल्या तिथे गळ्यात घातली. आमच्या टायपिस्टबाईंनी मागून फासा लावून दिला. बाईंनी पानांवरून बोट फिरवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग खांदे जागच्या जागी ठेवून त्यांनी मान माझ्याकडे फिरवली.

"आता ते घुबडाचं काय म्हणत होतात?"

मी केविलवाण्या नजरेने कारागिरांकडे पाहिलं.

"मी घरी एक अक्षर बोललो नव्हतो हो!" ते कळवळून म्हणाले. "गिऱ्हाइकाचं बोलणं मी दुकानाबाहेर नेत नाही. जे घडवायचं होतं तेवढं घेतलं, बाकीचं पान फाडून टाकलं. आज तुम्हाला भेटून तुमचे आभार मानायचे म्हणून आलो होतो, की हिची वेल ऑफिसातल्या कुणाच्या तरी लक्षात आहे!"

हॉलमध्ये आधी एक जण फिस्सकन हसला, मग दुसरा, मग छत खाली येईल असे सगळेच. लंबू खुर्चीवरून घसरून खाली बसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पाच वाजून पाच मिनिटं झालीत," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी साडेपाचपर्यंत आहे. या जरा माझ्या खोलीत."

मी निघालो. दाराशी कारागिरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "धीर सोडू नका. तुमची पंचवीस मिनिटंच आहेत. माझं उद्यापासून पूर्णवेळ सुरू होतंय!"

दार लोटलं गेलं. आत काय झालं ते मी लंबूला सांगितलेलं नाही, बायकोला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगतो, वाचकहो: पंचवीस मिनिटं ही फार, फार मोठी असतात!